लहानपणी पाहिलेल्या ब्लॅक अँड व्हाइट रहस्यपटाचं नाव सापडत नाही, किंवा सापडूनही पटत नाही

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. लहानपणी एक पिक्चर पाहिला होता, ब्लॅक अँड व्हाइट. मोठा वाडा, धुकं, पांढऱ्या साडीतली बाई, रात्री कुठून तरी गाणं ऐकू येतं. भीतीनं चादरीत तोंड खुपसलं होतं, त्यामुळे शेवट धड पाहिलाच नाही. नावाचा तर पत्ताच नाही. कोणीतरी सांगतं, ‘बीस साल बाद’ असणार. लावून बघावं तर अर्धं जुळतं, अर्धं नाही. दुसरा म्हणतो ‘महल’, तिसरा म्हणतो ‘वो कौन थी’. तेही तसेच अर्धवट जुळतात. विषय तिथेच राहतो आणि पुढच्या दिवाळीला चुलत भावंडं जमली की परत निघतो.

आमच्या नात्यागोत्यात जुन्या सिनेमांच्या चौकशा माझ्याकडे येतात, म्हणून हे दुखणं चांगलं ओळखीचं झालंय. ते उलटत राहतं, कारण माणूस एक सिनेमा शोधत असतो आणि डोक्यात मात्र दोन-तीन सिनेमांचे तुकडे शेजारी शेजारी बसलेले असतात. एक सिनेमा सापडला की त्याचे तुकडे जुळतात, बाकीचे उरतात. उरलेल्यांमुळे सापडलेलाही खोटा वाटायला लागतो.

तुकडे सुटे करा

म्हणून गूगल उघडण्याआधी कागद घ्या. जे आठवतंय ते एका ओळीत एक असं लिहा आणि दोन ओळी ‘मग’ किंवा ‘म्हणून’ लावून जोडू नका. ‘पावसात गाडी बंद पडली’ ही एक ओळ. ‘म्हातारी मोलकरीण टक लावून बघते’ ही दुसरी. गाडीतली बाई त्याच म्हातारीच्या घरी गेली, हे तुम्ही पडद्यावर पाहिलं की नंतर मनानं जोडलं, ते आज सांगता येत नाही. तेव्हा जोडच काढून टाकायचा.

डोंबिवलीच्या मामींचा सिनेमा असाच सुटला. त्यांच्या मते तो एकच होता: डॉक्टर रात्री पावसातून गाडीनं जातोय, वाटेत एक बाई चढते, गाडीचा वायपर बंद पडतो. पुढे मोठ्या घरात एक डोळा बारीक असलेली कडक म्हातारी नव्या मालकिणीला छळते. शेवटी कोर्टात मेलेल्या बायकोसारखीच दिसणारी बाई उभी असते, आणि ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गाणं. मी म्हटलं, “मामी, गाणं मराठी आहे, मग डॉक्टर कुठल्या भाषेत बोलत होता?” त्या थांबल्या. “अरे, तो हिंदीत बोलायचा.” तिथंच गाठ सुटली.

वायपरचा प्रसंग राज खोसला यांच्या ‘वो कौन थी’चा. मनोजकुमारच्या गाडीत साधना चढते, काचेवर पाणी, समोरचं काही दिसत नाही आणि ती शांतपणे रस्ता सांगत राहते. गाडी थांबते ती कब्रस्तानापाशी. बारीक डोळ्याची म्हातारी म्हणजे ललिता पवार. तरुणपणी एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला होता. त्यांनी आयुष्यभर शेकडो सिनेमांत कामं केली, तरी ब्लॅक अँड व्हाइट, भुताटकीचं घर आणि नव्या बायकोवर डोळा ठेवणारी दाई हे तिन्ही एकत्र आलं तर ‘कोहरा’ आधी बघायचा. वहिदा रहमान आणि विश्वजीत, दिग्दर्शक बीरेन नाग. कोर्टातली बाई आणि दोन पाखरं राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मधली. भावना दुहेरी भूमिकेत, सोबत काशिनाथ घाणेकर. तीन सिनेमे, आणि तिन्ही १९६४ चे. मामींनी ते पुढे टीव्हीवर वेगवेगळ्या वर्षी पाहिले असतील, पण पडद्यावरची घरं, साड्या, केशभूषा एकाच काळातल्या, त्यामुळे आठवणीत ते एका घरात राहायला गेले.

मामींना हे फारसं आवडलं नाही. त्यांचा एक सिनेमा मी काढून घेतला, असं त्यांचं म्हणणं. पण त्यानंतर प्रश्न पुन्हा आलेला नाही.

ब्लॅक अँड व्हाइट होता की टीव्ही तसा होता?

ही अडचण इतक्या वेळा निघते की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि देशात रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये. त्यानंतरही कित्येक घरांत जुनाच संच बरीच वर्षं चालला. म्हणजे ज्याचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकातलं, त्याच्यासाठी सगळेच सिनेमे ब्लॅक अँड व्हाइट होते.

याचा फटका मोठा बसतो. राज खोसला यांनी साधनाला घेऊन तीन रहस्यपट केले: ‘वो कौन थी’, मग १९६६ चा ‘मेरा साया’ आणि १९६७ चा ‘अनीता’. यांतला पहिला तेवढा ब्लॅक अँड व्हाइट, नंतरचे दोन्ही रंगीत. ‘गुमनाम’ (१९६५), ‘तीसरी मंज़िल’ (१९६६), ‘ज्वेल थीफ’ (१९६७) हेही रंगीत. शोधताना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ही अट घातली की हे सगळे यादीतून गळतात, आणि तुमचा सिनेमा नेमका त्यातला असतो. उदाहरणार्थ, “एका माणसाला पार्टीत पाय दाखवायला लावतात, सहा बोटं आहेत का ते बघायला” असं कोणी सांगितलं, तर तो ‘ज्वेल थीफ’. तुमच्या आठवणीत देव आनंद कितीही करडा असो.

थिएटरमध्ये किंवा रंगीत टीव्हीवर पाहिला असेल तरच रंगाची अट ठेवा. तसं असेल तर ती कामाची आहे. हिंदीत १९६४ ते १९६७ या काळात रहस्यपट झपाट्यानं रंगीत झाले, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट हिंदी रहस्यपट बहुधा त्याआधीचा किंवा त्याच सुमाराचा. मराठीत ही रेघ बरीच पुढे जाते. ‘सामना’ १९७५ चा आणि ब्लॅक अँड व्हाइट. एक म्हातारा दारुडा मास्तर आणि ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न कोणाला आठवत असेल, तर तो रहस्यपट म्हणून शोधू नका. तो राजकीय सिनेमा आहे, पण लहान मुलाला त्यातला बेपत्ता माणूसच लक्षात राहतो.

उलटा घोटाळाही होतो. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या पडद्यापुढे त्या काळी निळी किंवा तिरंगी प्लास्टिकची काच लावायचे, वर निळं, खाली हिरवट. “आकाश निळं होतं, नक्की आठवतंय” असं सांगणाऱ्याच्या घरी ती काच होती का, ते विचारा.

कुठे बसून पाहिला?

हा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. मला विचाराल तर यातून कथानकापेक्षा जास्त हाती लागतं, कारण कथानक आपण नंतर मनातल्या मनात दुरुस्त करत राहतो, पण शेजारच्या काकूंच्या घरची जागा कोणी दुरुस्त करत नाही.

मुंबई दूरदर्शनवर सुरुवातीची बरीच वर्षं शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट असायचा. दुसऱ्या दिवशी शाळा होती म्हणून अर्ध्यावर उठवलं, असं आठवत असेल तर रविवार, म्हणजे बहुधा हिंदी. ‘पाठलाग’ आणि ‘मेरा साया’ यांची गल्लत सोडवायला हे फार उपयोगी पडतं, कारण ‘मेरा साया’ हा ‘पाठलाग’वरूनच केलेला. मेलेली बायको, हुबेहूब तशीच दिसणारी बाई, कोर्ट, संशय हे दोन्हीकडे आहे. गोष्टीवरून वेगळे करायला गेलात तर डोकं धराल. वार आठवला, किंवा गाण्याची एक ओळ आठवली, की झालं. ‘तू जहां जहां चलेगा’ की ‘या डोळ्यांची दोन पाखरे’, एवढंच विचारायचं.

ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी राष्ट्रीय वाहिनीवर इतर भाषांतले चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह लागायचे. जेवणं झाल्यावर घर झोपलेलं, आणि टीव्हीवर न कळणाऱ्या भाषेत कोणीतरी कंदील घेऊन चाललंय. अशी आठवण असेल तर हिंदीत शोधणं सोडून द्या. बंगालीत अजय कर यांचा ‘जिघांसा’ (१९५१) आहे, जो शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिल कुत्र्याच्या कथेवर बेतलाय. ‘बीस साल बाद’चा सांगाडाही तोच, म्हणून जहागीर, दलदल आणि वारस या तिन्ही गोष्टी दोन्हींत सापडतील. सत्यजित राय यांचा ‘चिडियाखाना’ (१९६७) आहे, त्यात उत्तमकुमार ब्योमकेश हा गुप्तहेर झालाय. मल्याळममध्ये ‘भार्गवी निलयम’ (१९६४), रिकाम्या भुताटकीच्या घरात राहायला आलेला लेखक. तमिळमध्ये १९५४ चा ‘अंद नाळ’, शिवाजी गणेशनचा, एकही गाणं नसलेला.

आणि गणपतीत रस्त्यावर पाहिला असेल तर? तिथं कापडी पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. मागून बघणाऱ्याला सगळं उलटं: नावं आरशातल्यासारखी, उजवा हात डावा. खुनी डावखुरा होता असं कोणी ठामपणे सांगितलं की मी आधी विचारतो, पडद्याच्या कुठल्या बाजूला बसला होतात? गल्लीतल्या पोरांना पुढची जागा क्वचितच मिळायची. नाव न आठवण्याचं कारणही कधी कधी हेच असतं, ते उलटं वाचता आलं नाही.

सिनेमा पाहिलाच नसेल तर

हेही शक्य आहे. दूरदर्शनच्या ‘छायागीत’ या गाण्यांच्या कार्यक्रमात ‘कहीं दीप जले कहीं दिल’ किंवा ‘आएगा आनेवाला’ इतक्या वेळा लागलं की त्या गाण्याभोवती पोरांनी स्वतःच गोष्ट रचली. तुमच्या सगळ्या ओळी एकाच गाण्यातल्या असतील (बाई, झोका, दिवा, गाणारा आवाज) आणि त्यात एकही संवाद, एकही पुरुष पात्र, एकही दिवसाचं दृश्य नसेल, तर गाण्याचाच व्हिडिओ शोधा. पाच मिनिटांत निकाल लागतो. पूर्ण सिनेमा शोधत राहिलात तर कधीच पटणार नाही, कारण जो आठवतोय तो सिनेमा कोणी काढलेलाच नाही.

कुठली खूण धरायची

वाडा, धुकं, पांढरी साडी, घुंगरू, दाराचा कर्रकर्र आवाज, गडगडाट. हे सगळं खोडा. १९४९ च्या ‘महल’नंतर या गोष्टी जवळजवळ प्रत्येक भुताटकीच्या सिनेमात आल्यात. जे सगळ्यात जास्त घाबरवतं तेच सगळ्यात जास्त वेळा वापरलं जातं, म्हणून भीती वाटलेल्या दृश्यावरून सिनेमा ओळखता येत नाही.

शोधायची ती बिनकामाची वाटणारी गोष्ट. ‘बीस साल बाद’मध्ये असित सेन एकेक शब्द ओढत, अति संथ बोलणारा हौशी गुप्तहेर झालाय. कोणालाही विचारा, “त्यात एक जाडा माणूस हळूऽऽऽ बोलायचा का?” हो म्हणाले तर पुढे बघायला नको. (गुन्हेगार कोण ते सांगत नाही. इतकी वर्षं थांबलात, आता स्वतःच बघा.) मेहमूद आणि भूत एकत्र आठवत असतील आणि मध्येच ट्विस्ट नाच असेल तर १९६५ चा ‘भूत बंगला’. मेहमूद लुंगीत नाचत असेल तर ‘गुमनाम’. जुनी हवेली, वादळी रात्र, भिंतीवरचं चित्र आणि मागचा जन्म असेल तर बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (१९५८). लोक त्याला रहस्यपट म्हणत नाहीत, पण मुलं घाबरतात ती त्यातल्या पहिल्या अर्ध्या तासाला.

गाणी नव्हती, असं खात्रीनं वाटत असेल तर नशीब उघडलं म्हणायचं. त्या काळातले गाण्यांविना हिंदी सिनेमे बोटांवर मोजण्याएवढे. खून, कोर्ट आणि न्यायाधीशच संशयित असेल तर बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (१९६०), अशोककुमार, राजेंद्रकुमार आणि नंदा. घरात एकटी बाई, बाहेरून घुसलेला वेडा, एका रात्रीची गोष्ट असेल तर ‘इत्तेफाक’ (१९६९). तो रंगीत आहे, पण टीव्हीचं प्रकरण वर सांगितलंच. मात्र दूरदर्शनवर किंवा स्थानिक केबलवर गाणी कापलेली प्रतही लागायची. तेव्हा ‘गाणी नव्हती’ यापेक्षा ‘गाण्याला जागाच नव्हती’ असं वाटतंय का, ते विचारा.

इंग्रजी सिनेमांतही हीच रीत. आगगाडीतून म्हातारी नाहीशी होते आणि डब्याच्या काचेवर तिनं बोटानं लिहिलेलं नाव क्षणभर दिसतं: हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८). करंगळीचं पेर नसलेला माणूस: त्याचाच ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ (१९३५). नवरा बायकोला वेडी ठरवतो आणि घरातले गॅसचे दिवे आपोआप मंद होतात: ‘गॅसलाइट’, इन्ग्रिड बर्गमनचा १९४४ मधला. शाळेच्या पोहण्याच्या तलावात टाकलेलं प्रेत नाहीसं होतं: फ्रेंच ‘ले दियाबोलिक’ (१९५५). या खुणा बाकीच्या सिनेमांत इतक्या सहज सापडत नाहीत, म्हणून त्या सोन्याच्या.

नटाचं नाव ही मध्यम प्रतीची खूण. ‘काशिनाथ घाणेकर होते’ एवढ्यानं भागत नाही. ‘पाठलाग’ आणि १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ या दोघांत बारा वर्षांचं अंतर आहे आणि गूढ दोन्हीकडे आहे. पण घाणेकर तरुण दिसत होते की थोराड, हे विचारलं की उत्तर मिळतं.

शोध घेताना

हिंदी सिनेमासाठी हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीतकोश’ अजूनही सगळ्यात भरवशाचा. दर दशकाला एक खंड, वर्षवार सिनेमे, कलाकार आणि गाण्यांची सूची. गाण्याचे दोन शब्द जरी आठवत असले तरी १९६१ ते १९७० चा खंड चाळून काढणं, यूट्यूबवर रात्र घालवण्यापेक्षा बरं. मोठ्या ग्रंथालयात मिळतो. घरात कोणी जपून ठेवली असतील तर थिएटरबाहेर विकली जाणारी गाण्यांची पुस्तकंही बघा. त्यांत गोष्ट अर्धी सांगून ‘पुढे पडद्यावर पाहा’ म्हणायचे, आणि आपली आठवणही बहुधा तेवढीच असते.

यूट्यूबवरच्या शीर्षकांवर आणि सालांवर विसंबू नका. एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती असतात, कधी सुरुवात नाही, कधी दोन गाणी गायब. प्रतीच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असेल तर ते थांबवून वाचा. रिळांची संख्या तिथं दिलेली असते, समोरची प्रत किती कापलीय याचा अंदाज येतो.

चॅटबॉटला विचारायचं असेल तर विचारा, पण तो सांगेल त्या सिनेमाचं एक गाणं आणि एक सहकलाकार स्वतंत्रपणे पडताळा. अस्तित्वातच नसलेला सिनेमा तो दिग्दर्शकासकट, साल-तारखेसकट सांगू शकतो, आणि तुमची आठवण त्यात आनंदानं जाऊन बसते. हा धोका माणसांकडूनही आहेच. म्हणून ताईला विचारताना “तो वायपरवाला पिक्चर आठवतो का?” असं विचारू नका. “काकूंकडे भीती वाटलेला पिक्चर कुठला?” एवढंच विचारा आणि ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तिनं आपणहून वायपर म्हटलं तर त्या साक्षीला किंमत आहे.

सापडला, हे कधी म्हणायचं

सिनेमा लावण्याआधी तुमच्या यादीतल्या, अजून कोणाला न सांगितलेल्या दोन ओळींना खूण करा. त्या दोन्ही पडद्यावर दिसल्या तर सापडला. एकच दिसली तर त्या ओळीपुढे सिनेमाचं नाव लिहून ती यादीतून काढा आणि उरलेल्यांसाठी दुसरा सिनेमा शोधा. पहिला रद्द करू नका. बहुतेक लोक इथंच चुकतात: अर्धं जुळलं नाही म्हणून पूर्ण सोडून देतात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच सिनेमापाशी येऊन पोचतात. यादी जपून ठेवली तर हा फेरा थांबतो.

तरीही सुटत नसेल आणि कोणा जाणकाराला विचारायचं असेल, तर “जुना भुताचा सिनेमा, वाडा होता, नाव सांगा” असं विचारू नका. असं विचारा: “साधारण १९७९-८०, ठाणे, शेजाऱ्यांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, शनिवार संध्याकाळ, मराठी बोलणं. नायक वकील असावा. बायको आजारी पडून जाते. एक गाणं बाईच्या आवाजात, संथ. शेवट पाहिला नाही, बातम्यांनंतर झोपवलं. वाडा होता की बंगला, नक्की नाही. विनोदी पात्र आठवत नाही.”